शब्दचर्चा: तोफेला गोळे पुरवणाऱ्या चिलखती गाडीला मराठीत काय म्हणावं?

जेलरोडकर
एका लेखाचं मराठी करते आहे, तिथे अडले. दक्षिण कोरियाची के-१० ही गाडी. पाहिली तर रणगाडाच वाटावी, पण तोफ नाही. पोटात १५५ मिलिमीटरचे १०४ गोळे. के-९ तोफेच्या पाठीशी येऊन उभी राहते, पुढून एक सरकता पट्टा काढून तोफेला जोडते आणि आतल्या आत गोळे देते, मिनिटाला १२ पर्यंत. कुणाला बाहेर उतरावं लागत नाही. माझ्याकडे आत्ता ‘चिलखती दारूगोळा पुनर्पुरवठा वाहन’ आहे. अर्थ बरोबर, पण असं कोण बोलेल?

कॅम्पातला गनर
ताई, युनिटमध्ये आम्ही ‘गन’ आणि ‘अ‍ॅम्युनिशन’च म्हणायचो, त्यामुळे तयार शब्द माझ्याकडे नाही. पण ‘दारूगोळा’ काढू नका. लोकांना वाटतं तो जुना, मोघम शब्द आहे. १५५ च्या तोफेत गोळा आधी जातो, त्यामागे दारू वेगळी भरतात. बंदुकीच्या काडतुसासारखं एकत्र नसतं. म्हणजे दारू आणि गोळा, दोन्ही वेगळे, शब्दात आहेत तसेच. एक गोळा ४० किलोच्या वर. ट्रकमधून उतरवून गनपर्यंत नेताना दहाव्या गोळ्याला हाताची बोटं वळत नाहीत. हे काम पट्टा करतो, तेही चिलखताच्या आत, हे तुमच्या वाचकाला कळलं पाहिजे.

निफाडहून
‘पुनर्पुरवठा’तलं ‘पुनर्’ इंग्रजीतून आलंय. पुरवठा वारंवारच होतो, किराणा भरताना आपण पुनर् म्हणत नाही. आणि चाकांऐवजी पट्ट्यांवर चालते, हे सांगायचं असेल तर ‘चेनची’ म्हणा. आमच्याकडे शेततळं खोदायला पोकलेन येते ती चेनवर, जेसीबी टायरवर. हा फरक शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

पंचवटीकर
‘चेनची’ बोलण्यात छान, लेखात ‘पट्ट्यांवर चालणारी’ लिहा. माझं मत ‘रसद’ला. कुणी ‘कुमक’ सुचवण्याआधी सांगतो: कुमक म्हणजे मदतीला आलेलं सैन्य, रसद म्हणजे सामान. पानिपतावर तुटली ती रसद.

कॅम्पातला गनर
रसद म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे आटा-डाळ येते.

पंचवटीकर
काका, ते फौजेत. मराठीत ‘शत्रूची रसद तोडली’ म्हणताना दाण्यागोट्याबरोबर दारूगोळाही आलाच. ‘दारूगाडी’ मात्र नको. आज दारू म्हटलं की बाटलीच आठवते.

जेलरोडकर
मग ‘रसदगाडी’? घंटागाडी, हातगाडीसारखं जिभेवर बसतं.

पंचवटीकर
गाडी नव्हे, गाडा. आपण रणगाडी म्हणत नाही. ही तोफेच्याच सांगाड्यावर बांधलेली असते: के-१० ही के-९ च्या, अमेरिकेची गोळे पुरवणारी एम-९९२ ही एम-१०९ तोफेच्या. म्हणून तर तोफ जाईल त्या चिखलातून मागोमाग जाते. एवढ्या धुडाला गाडाच शोभतो.

कॅम्पातला गनर
गाडा पटला. आता तोफेचंही नीट लिहा. ९ नोव्हेंबर २०१८ ला देवळालीत के-९ वज्र, म्हणजे के-९ चंच भारतातलं रूप, आपल्या तोफखान्यात दाखल झाली, तेव्हा काहींनी तिला रणगाडा म्हटलं, काहींनी ‘स्वयंचलित तोफ’. रणगाडा समोर दिसणाऱ्यावर मारतो, ही डोंगरापलीकडे मारते. आणि ‘स्वयंचलित’ने वाटतं, आपोआप गोळे सुटतात. ती फक्त स्वतःच्या इंजिनावर चालते, ओढून न्यावी लागत नाही.

जेलरोडकर
काका, मग ‘स्वचलित’ करते. पहिला उल्लेख असा ठेवलाय: ‘के-१० हा चिलखती रसदगाडा. पट्ट्यांवर चालतो, स्वचलित तोफेला मागून जोडला जातो आणि दारूगोळा आतल्या आत पोचवतो.’ पुढे सगळीकडे नुसतं रसदगाडा.

कॅम्पातला गनर
चालेल. तोफेवरच्या माणसांना मात्र ‘सैनिक’ नको, ‘गोलंदाज’ लिहा. क्रिकेटच्या आधी तो शब्द आमचा होता.