इटालियन शिकायला इटलीत जावं का?

इथे क्लास लावावा की थेट तिकडे जावं, या प्रश्नावर थोडी भर. पेरूजा आणि सिएनाला खास परदेशी विद्यार्थ्यांसाठीची सरकारी विद्यापीठं आहेत. इटलीतल्या विद्यापीठांत खरा धसका तोंडी परीक्षांचा! गुण ३० पैकी, १८ला पास, कमी वाटले तर बऱ्याचदा नाकारून पुन्हा बसता येतं (आपल्याकडे ही चैन कुठली!).

उच्चारांत मात्र आपण मराठी लोक फायद्यात. त, द आपल्यासारखेच दंत्य, आणि द्वित्तंही (एकच व्यंजन दोनदा, जसं 'न्न') सहज जमतात. ती जमायलाच हवीत, कारण 'आन्नो' म्हणजे वर्ष आणि एक 'न' गिळला की गुदद्वार. वय सांगताना जपून! व्याकरणात लिंगं दोनच, आपण तर तीन सांभाळतो. उपपदं (इंग्रजीतल्या a, the सारखी) तेवढी छळतात.