शब्दचर्चा : ‘सोयीचं लग्न’ म्हणावं का?

मणिरत्नमचा ‘मौन रागम्’ (१९८६) हा तमिळ सिनेमा परवा पुन्हा पाहिला. त्यावर मराठीत लिहायला बसले आणि दुसऱ्याच वाक्याला अडले. दिव्याला (रेवती) लग्न करायचंच नाही. बघायला येणार त्या दिवशी ती मुद्दाम उशिरा घरी येते. पुढे वडिलांना हृदयविकाराचा झटका येतो आणि ती होकार देते. चंद्रकुमारशी (मोहन) लग्न होऊन दिल्लीला जाते. ‘मॅरेज ऑफ कन्व्हीनियन्स’ला आपल्याकडे सर्रास ‘सोयीचं लग्न’ लिहितात. इथे ते मला खटकतं. तडजोडीचं म्हणू? नाइलाजाचं?

—

ताई, खटकणारच. ‘सोय’ मुळात स्वार्थी शब्द नाही. पाहुण्यांच्या झोपण्याची आपण सोय करतो, भाच्याची कुठेतरी सोय लावतो. ‘सोय जाणे तो सोयरा’ अशी म्हणच आहे, आणि तुकोबांनी तर झाडावेलींनाही सोयरे म्हटलंय. पण तोच शब्द ‘सोयीचं’, ‘सोयीस्कर’ झाला की आपल्यापुरतं बघणारा होतो. ‘सोय पाहणं’ वेगळं आणि ‘सोय जाणणं’ वेगळं.

दिव्याच्या लग्नात सोय कुणाची? घरच्यांची. तिची तर गैरसोयच. ‘तडजोड’ही नको, तडजोडीत दोन्ही बाजू थोडं थोडं सोडतात. मी ‘मन मारून केलेलं लग्न’ लिहीन. लांब आहे, पण खरं आहे.

आणि चंद्रकुमारला विसरू नका. तुला भेट काय हवी, असं तो विचारतो तेव्हा ती मागते ‘विवागरत्तु’, म्हणजे घटस्फोट. यातलं ‘रत्तु’ म्हणजे आपलं ‘रद्द’च, अरबी-फारसीकडून तिकडेही गेलेलं. गाडी रद्द, परवाना रद्द, तसा विवाह रद्द. आपल्या ‘घटस्फोटा’त घडा फुटतो, ‘काडीमोडी’त काडी मोडते, दोन्हीकडे आधी काहीतरी अखंड असावं लागतं. या दोघांचं अजून काही जुळलेलंच नाही, म्हणून मला तो कचेरीतला कोरडा ‘रद्द’ तिच्या तोंडी फार चपखल वाटतो. वकील सांगतो, वर्षभर थांबा. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात तशी अट आहेच. त्या वर्षात तो तिच्यावर हक्क सांगत नाही. हाच तो सोय जाणणारा. म्हणजे सिनेमा सोय पाहण्यापासून सोय जाणण्यापर्यंत येतो, आणि ‘सोयीचं लग्न’ लिहिलंत तर त्यातलं पहिलंच तेवढं उरेल.

—

‘मन मारून’ घेतलं, आभार. आता आणखी एक जागा. नवऱ्याचा स्पर्श तिला कसा वाटतो ते सांगताना ती म्हणते, ‘कंबळिप्पूच्चि’ अंगावर सरपटल्यासारखं. कंबळि म्हणजे आपलं कांबळं, पूच्चि म्हणजे किडा. कांबळ्यासारखा केसाळ किडा. ‘किडा’ लिहिलं तर नुसती किळस येते. ‘सुरवंट’ लिहिलं की पावसाळ्यात दोरीवरचा टॉवेल न झटकता अंगाला लावला आणि मान, दंड पेटून उठले, ते आठवतं. पी. सी. श्रीराम यांचा कॅमेरा त्या क्षणी काय करतो हे मी लिहिणार होते, आता नको वाटतं. ‘सुरवंट’ पुरे आहे.

—

‘सुरवंट’च ठेवा. नावाचं मात्र काय करणार? तमिळमध्ये ‘रागम्’ गाण्यातला. चिडण्याला तिथे ‘कोपम्’. मराठीत ‘मौन राग’ म्हटलं की पहिल्यांदा रुसवाच कानावर येतो.

—

तो येऊ दे. दिव्या आल्या दिवसापासून रागावलेली आहे आणि गप्प राहणारा तो आहे. मराठी वाचकाने ‘मौन’ त्याचं आणि ‘राग’ तिचा असं वाचलं, तर मला ते चालेल. शेवटचा पाय मोडका ‘म्’ तेवढा राहू देते, म्हणजे सुरांचीही आठवण राहील. इळैयाराजांचं संगीत आहे.