चेकराइडमध्ये एकदा नापास झालोय, फॉर्मवर लिहू की नको?

डिचोलीचो:
नमस्कार. मी डिचोलीचा. ट्रेनिंग फ्लोरिडात केलं, आता घरी बसून डीजीसीएच्या (आपल्याकडे पायलटचं लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या) पेपरांची तयारी चाललीय.

कमर्शियल पायलट लायसन्सच्या चेकराइडमध्ये, म्हणजे एक्झामिनरला सोबत घेऊन द्यायच्या उड्डाण-परीक्षेत, मी पहिल्यांदा नापास झालो. बाकी सगळं नीट गेलं, पॉवर-ऑफ 180 मध्ये माती खाल्ली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: डाउनविंडवर (रनवेला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने उडताना) रनवेवरच्या ठरलेल्या खुणेच्या बाजूला आलं की थ्रॉटल पूर्ण मागे, आयडलवर, मग इंजिनाची मदत न घेता वळायचं आणि त्या खुणेवर उतरायचं. खुणेपुढे 200 फुटांपर्यंत चालतं, अलीकडे एक फूटही नाही. मी अलीकडे टेकलो. विमान बसत चाललंय हे दिसत होतं, हात थ्रॉटलवरच होता, पण पुढे ढकलला की संपलंच. एक्झामिनर रनवे सोडेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. तेव्हाच समजलो.

दोन फ्लाइट जादा ट्रेनिंग घेतलं, नवव्या दिवशी राहिलेला भाग दिला, पास.

चवथीला घरी आलो तर गणपतीवरची माटोळी बांधता बांधता काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "विमान आपटलंस म्हणे?" आपटलं नाही हो! पण आता प्रश्न वेगळाच आहे. एअरलाइनच्या फॉर्मवर विचारतात, कधी कुठल्या चेकमध्ये नापास झालात का? काका म्हणतात, 'नाही' लिही, अमेरिकेत जाऊन कोण बघतोय? मला रात्री झोप नाही.

उसगावकर77:
काका बरोबर बोलतात. इथल्या एअरलाइनला तिथलं रेकॉर्ड थोडंच दिसतं. गप्प राहा.

रनवे_26:
उसगावकर, पोराला खड्ड्यात घालू नका. मी एअरबसवर कॅप्टन आहे, इंटरव्ह्यू पॅनलवरही बसलोय.

डिचोलीचो, तुझं लॉगबुक उघड. नापास झालास ती फ्लाइट त्यात आहे, मग जादा ट्रेनिंग, आणि परत परीक्षेला बसायला लायक आहे अशी इन्स्ट्रक्टरची सही. ती एन्डॉर्समेंट नापास झालेल्यालाच लागते. पॅनलवर बसणारा पान उलटताना तीच बघतो. तू फॉर्मवर 'नाही' लिहिलंस आणि लॉगबुक 'हो' म्हणालं, तर तिथेच विषय संपला. नोकरी लागल्यावर सापडलं तर आणखी वाईट, कारण खाली तूच सही केलेली असते.

12 फेब्रुवारी 2009 ला बफेलोजवळ कोलगन एअर 3407 पडलं, 50 माणसं गेली. चौकशीत निघालं की कॅप्टन आधी काही चेकमध्ये नापास झाला होता आणि ते सगळं त्याने अर्जात लिहिलं नव्हतं. पायलटांच्या रेकॉर्डचा डेटाबेस अमेरिकेत आला तो त्या अपघातानंतरच्या कायद्यातून. तो तिथल्या एअरलाइनसाठी आहे, खरं. पण पॅनलवरच्या माणसाला ही गोष्ट पाठ असते.

एका नापाशीने कोणी बाहेर काढत नाही. एकाच गोष्टीत तीनदा नापास झालास तर मात्र बोलावं लागेल.

पेडण्याची_पोर:
माझा अनुभव. मी इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या (बाहेर न बघता उपकरणांवर उडवण्याच्या) चेकमध्ये एकदा नापास. पहिल्या इंटरव्ह्यूत म्हटलं, "त्या दिवशी वारा फार होता." समोरच्यांनी शांतपणे विचारलं, "किती नॉट? कुठल्या दिशेने? करेक्शन किती धरलं होतं?" मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. सिलेक्शन झालं नाही आणि माझ्या मते ते नापाशीमुळे नव्हतंच. नापास झालीस म्हटल्यावर ते त्याचा टेक्निकल प्रश्नच करून टाकतात. दुसऱ्या वेळी तयारीने गेले: काय चुकलं, का चुकलं, नंतर काय बदललं. दोन मिनिटांत आटपलं, पुढे ते मेटिओरॉलॉजीवर गेले.

रनवे_26:
हेच. डिचोलीचो, आता मला सांग, अलीकडे का टेकलास?

डिचोलीचो:
सर, फायनलला (रनवेच्या सरळ रेषेत उतरताना) समोरून वारा होता आणि मी फ्लॅप, म्हणजे विमान जास्त वेगाने खाली आणणाऱ्या पंखांमागच्या पट्ट्या, लवकर टाकले. सेसना 172 चा ग्लाइड स्पीड 68 नॉट धरून होतो, पण समोरच्या वाऱ्यात जमिनीवरचं अंतर कमी कापलं जातं. बेसला (फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्याला) आधी वळायला हवं होतं आणि रनवे हातात आल्याशिवाय फ्लॅपला हात लावायला नको होता. पुढच्या वेळी तसंच केलं.

रनवे_26:
झालं की. हेच बोल. 'पण' म्हणून पुढे काही जोडू नकोस.

डिचोलीचो:
धन्यवाद सर, ताई तुलाही. फॉर्मवर 'हो' लिहिलं. काकांना लॉगबुकातलं ते पान दाखवलं. चष्मा लावून त्यांनी सही दोनदा वाचली आणि विचारलं, "हे पान फाडता नाही येत?"