गोल्फ: ग्रीनचा नकाशा मिळाला, तरी पट होलच्या खालूनच जातो

पुटरवाला
हँडिकॅप १८ (म्हणजे मध्यम दर्जाचा खेळ). आमच्या गोल्फ कोर्सच्या सगळ्या ग्रीनचे (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचे) नकाशे मिळालेत: बाण, रंग, उताराचे टक्के. तरी ८-१० फुटांचे पट (ग्रीनवर पुटरने मारलेले फटके) होलच्या खालच्या बाजूने निघून जातात. हे वाचायचं कसं? आणि मंथली मेडलला (क्लबच्या मासिक स्पर्धेला) चालतं का?

बंकरबाबा
बाण उताराकडे असतो, म्हणजे चेंडू वळणार तिकडे. पानाची वरची कड म्हणजे ग्रीनची मागची बाजू. मागून पुढे पट करताना पान फिरवलं नाही तर डावं-उजवं उलटतं. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

दुसरं, पिन शीट (होलच्या झेंड्याची, म्हणजे पिनची, त्या दिवशीची जागा दाखवणारा कागद) बघून होल पानावर टिंब देऊन घ्या. १:४८० प्रमाण असेल तर ‘पुढून १२ यार्ड’ म्हणजे पानावर साधारण २.३ सेंमी. पेन्सिल २ मिमी सरकली की जमिनीवर जवळपास १ मीटरचा फरक! म्हणून त्या टिंबाजवळच्या एकाच बाणावर विसंबू नका, आजूबाजूचे चार बघा.

खालून का जातो? उतार बहुतेक जण वाटेच्या मधोमध वाचतात. चेंडू वळतो तो वेग कमी झाल्यावर, शेवटच्या तिसऱ्या भागात. तिथले टक्के बघा, आणि तिथेच उभं राहून कुठल्या पायावर भार येतो तेही बघा. पाय आणि पान जुळत नसतील तर पायांचं ऐका. ग्रीनवर दरवर्षी वाळू पडते, नकाशा जुना होतो.

नियमावली
मेडलला चालतं, कमिटीने असे नकाशे वापरण्यावर बंधन घालणारा जी-११ हा लोकल रूल लावला नसेल तर. तो २०२२ पासून आहे, पण मोठ्या स्पर्धांसाठी. क्लबात सहसा नसतो. मात्र २०१९ पासूनची मर्यादा सगळ्यांना लागू: प्रमाण १:४८० पेक्षा मोठं नको, पान ४.२५ × ७ इंचांच्या आत. फोनवर झूम केलात तरी तोच नियम. फोनमधली लेव्हल (उतार मोजणारी सोय) ग्रीनवर ठेवलीत तर पहिल्यांदा २ स्ट्रोकचा दंड, पुन्हा केलंत तर बाद. सरावाच्या दिवशी खुशाल वापरा, फक्त ती अंश दाखवते: १ अंश म्हणजे पावणेदोन टक्के.

यार्डेज
माझं मत वेगळं. १८ हँडिकॅपला या नकाशाचा खरा उपयोग ग्रीनवर नाहीच, अप्रोचला (ग्रीनवर चेंडू पोहोचवणाऱ्या फटक्याला) आहे. पुढची कड १३८ यार्ड, पिन आत १२, म्हणजे १५०. आता बाण बघा: ग्रीन मागून पुढे उतरतंय? मग १५० ऐवजी १४५ ला पडलेला बरा, वर चढणारा पट मिळतो. पिनच्या वर गेलात की तोच पट उताराचा, आणि होलात जायला तीन फटके ठरलेले. कोर्स मॅपवरही बंकरचे (वाळूच्या खड्ड्याचे) दोन आकडे असतात, पोहोचायचा आणि ओलांडायचा. टी-वर (पहिल्या फटक्याच्या जागी) कुठली काठी घ्यायची ते ठरवताना दोन्ही बघा.

पुटरवाला
पावसाळ्यातही हेच टक्के धरायचे?

बंकरबाबा
टक्के तेच, वळण कमी. ओलं ग्रीन हळू, चेंडू जोरात मारावा लागतो, म्हणून सरळ राहतो. आपल्याकडच्या बर्म्युडा गवताचा ग्रेन (ते वाढतं ती दिशा) नकाशात सहसा नसतो. होलची कड बघा: जिथे ती फाटकी, करपलेली दिसते, गवत त्या दिशेला वाढतंय.