अर्ज फेटाळला गेल्यास मतदानापूर्वी न्यायालयात दाद मागता येते का?

प्रश्न (खानापूर):
विधानसभेच्या छाननीत आमच्या भागातील एका उमेदवाराचा अर्ज सूचकाची (उमेदवाराचे नाव सुचवणाऱ्या मतदाराची) सही जुळत नसल्याचे सांगून फेटाळण्यात आला. सही आपलीच असल्याचे सूचक सांगतो. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका (अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात मागितलेली दाद) दाखल केल्यास मतदानापूर्वी दाद मिळेल का?

उत्तर (बेळगाव, वकील):
बहुधा नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३२९ (ख) नुसार संसद वा विधिमंडळाच्या निवडणुकीला निवडणूक याचिकेखेरीज (निकालानंतर निवडीला आव्हान देणाऱ्या याचिकेखेरीज) अन्य मार्गाने आव्हान देता येत नाही. मद्रास राज्यातील नामक्कल मतदारसंघात पोन्नुस्वामी यांचा अर्ज असाच फेटाळला गेला होता. त्यावर १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सारी प्रक्रिया निवडणुकीतच मोडते, त्यामुळे मधल्या टप्प्यावर रिट चालणार नाही. निकालानंतर मात्र ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करा. एकही अर्ज अयोग्य रीतीने फेटाळल्याचे सिद्ध झाले, तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०० नुसार विजयी उमेदवाराची निवड रद्द होते. अर्ज फेटाळल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत आजच मागून घ्या. याचिकेची ४५ दिवसांची मुदत वाढवून मिळत नाही.

प्रतिसाद (निपाणी):
म्हणजे आदेश उघड चुकीचा असला, तरी मतदाराने आपल्या उमेदवाराविनाच मतदान करायचे. हे मला पटत नाही.

उत्तर (बेळगाव, वकील):
आपली खंत रास्त आहे, पण एकेका अर्जावर स्थगिती मिळू लागली, तर कोणतीही निवडणूक वेळेवर पार पडणार नाही. २००० सालच्या अशोक कुमार खटल्यात, निवडणूक न रोखता ती सुरळीत व्हावी किंवा पुरावा जपला जावा, एवढ्यापुरता हस्तक्षेप सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आहे.