अनुभव धागा : कॅम्पवाले, बंगाली, भट्टीवाले आणि आपलं गाव

परवा सेतू केंद्रावर रांगेत होतो. माझ्या पुढं एक बंगाली काका, मागं पारधी समाजाची एक बाई. काकांकडं आजोबांच्या पुनर्वसनाचा पिवळा पडलेला कागद, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेला. बाईची आजीही याच तालुक्यातली, पण जातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा आणणार कुठून? पालं ठोकून फिरणाऱ्यांची नोंद कोण ठेवतं? तेव्हापासून डोक्यात घोळतंय, की ‘बाहेरचा’ कोण आणि ‘बिनकागदाचा’ कोण, यात आपण फार गल्लत करतो.

तुमच्या गावात कोण आलं, गावानं त्यांना कसं घेतलं, नाही घेतलं, लिहा. ज्यांचं काम अजून कचेरीत अडलंय त्यांची नावं-गावं मात्र टाळा.

बोडीकाठ
आमचा तालुका अर्जुनी मोरगाव. गोठणगाव-प्रतापगडकडं तिबेटी लोकांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे, १९७२ पासूनची. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता. नोर्ग्येलिंग हे नाव मी कॉलेजात वाचलं. गावात सगळे ‘कॅम्प’च म्हणतात. बाबा त्यांच्या काही बांध्या, म्हणजे धानाची शेतं, ठेक्यानं करायचे. दिवाळी झाली की कॅम्प निम्मा रिकामा व्हायचा, मंडळी शहरोशहरी स्वेटर विकायला जायची. एका घराची किल्ली आमच्या देवघरात असायची. लोसारच्या, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या, आधी माणसं परतली, की किल्ली परत आणि मला एक स्वेटर. मापाचा कधीच नसायचा.

त्या घरातला मुलगा माझा वर्गमित्र. तो १९८६ चा, बहीण १९८९ ची. दोघं याच मातीत जन्मले, पण १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला जन्मानं नागरिक, नंतरच्याला आई किंवा बाप भारतीय लागतो. त्यांचे आईबाप तिबेटात जन्मलेले. म्हणून एकाच चुलीवर जेवणारा भाऊ कायद्यानं भारतीय, आणि बहीण परदेशी म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र घेऊन फिरणार. २०१४ मध्ये निवडणूक आयोगानं अशा भावांची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं. हा गेलाच नाही. म्हणाला, “मी इथला झालो तर परत कोण जाईल?” मला उत्तर सुचलं नाही. चहा पाजला.

चुरणा
मापाचा नसलेला स्वेटर आमच्याकडंही आहे. 🙂

माछभात
धागाकर्ते, तो पिवळा कागद आमच्या घरीही आहे. आजोबा खुलन्याचे. १९६४ साली पूर्व पाकिस्तान सोडलं, रायपूरजवळच्या माना छावणीत दिवस काढले, मग मुलचेऱ्याकडं. तेव्हा हा चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. गडचिरोली वेगळा झाला १९८२ मध्ये. आजोबांनी घर उभं राहायच्या आधी घरामागं तळं खणायला घेतलं. शेजारच्या गावचे लोक हसायचे, म्हणे याला विहीर खणता येत नाही. पहिला रोहू निघाला तेव्हा आजीनं त्यांच्याकडं वाटी पाठवली. वाटी परत आली ती मोहफुलं घेऊन. आजीला ते काय करायचं कळेना, तिनं चक्क भाजी केली.

आता तक्रार. आम्ही नमःशूद्र. पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे नदियातला माझा मामेभाऊ एससी आणि मी खुल्या गटात. गावानं आम्हाला साठ वर्षांत सामावून घेतलं. यादीनं नाही.

जारंवाला
मी धीवर. बंगाल्यायशी आपलं भांडन नाई, दुर्गापूजेले मीबी जातो. पन खरं बोलतो. त्यायले सरकारनं जमीन देल्ली, कागद देल्ला. आमी पिढ्यान् पिढ्या तलावावर न जंगलात, तं वनहक्काच्या दाव्यात आमाले तीन पिढ्या, म्हंजे पंच्याहत्तर वर्सांचा पुरावा मांगते. आज्याचं मासे धराचं जारं दाखवू काय साहेबाले?

माछभात
@जारंवाला, दादा, तो पंच्याहत्तर वर्षांचा नियम आम्हालाही आडवा येतो. हिशोब २००५ पासून मागं, म्हणजे १९३० पर्यंत. आमचे आजोबा तेव्हा खुलन्यात.

जारंवाला
म्हंजे आपन दोघंबी एकाच नावेत. या एकदा, झिंगे खाऊ.

खडूफळा
मी जिल्हा परिषद शाळेत आहे. पोळा-दिवाळी आटोपली की गावाबाहेरच्या वीटभट्टीवर छत्तीसगडची कुटुंबं येतात. ठेकेदाराकडून उचल घेतलेली असते, म्हणून पोरांसकट सगळे विटा पाडतात. पहिल्या वर्षी तिथं गेलो तर पोरं लपली. त्यांना वाटलं, पोलीस. मग मोडकी छत्तीसगढी झाडली, “तोर नाव का हे?” इतकीच येत होती. एक पोरगी खो-खो हसली आणि बाहेर आली.

जन्मदाखला, आधार, टीसी काही नव्हतं. अडवलं कुणी? आमच्याच लोकांनी, “कागद नाही, पोर्टल घेत नाही” म्हणून. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सरळ लिहिलंय, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. त्या कलमाची झेरॉक्स आता टेबलाच्या काचेखाली ठेवलीय. पोरं मेपर्यंत टिकतात, पावसाळा लागायच्या आत जातात. पुढच्या वर्षी तीच येतील याचा भरवसा नसतो. अंगणवाडीताईचं कौतुक करायलाच हवं. तिनं कधी कागद मागितला नाही, आधी वजन करते, मग नाव विचारते.

तिखट
मी उलट्या बाजूचा. आम्हीच बाहेरचे होतो. दरसाल फेब्रुवारीत आमच्याकडून गाड्या भरून लोक तेलंगणात मिरची तोडायला जातात. तेलुगू येत नाही, पण हिशोब बोटांवर होतो. तिथल्या मालकिणीनं माझ्या बायकोच्या भाजलेल्या हातांना लावायला रोज ताक पाठवलं. २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा तिनं थांबा म्हटलं होतं. आम्ही ऐकलं नाही, निघालो, बरंचसं पायी.

गावाच्या शिवेवर बाभळी आडव्या टाकल्या होत्या. टाकणारे माझे मित्रच. चौदा दिवस शाळेत ठेवलं, ज्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो तिथंच. आई डबा फाटकाशी ठेवायची आणि मागं सरकून उभी राहायची.