चाकांवरचं घर हलवलंय का कुणी? अनुभव लिहा

आज रस्त्यावर ट्रेलरवरून चाललेलं छोटं लाकडी घर दिसलं. मागच्या गाडीत चौघं, चौघांच्याही माना खिडकीबाहेर! एकदम आमचा दिवस आठवला. घर जेमतेम ६ मीटर लांब. आम्ही ३ टन धरून चाललो होतो, वजनकाट्याने ४ दाखवले. मित्राच्या गाडीची ओढायची मर्यादा साडेतीन. तिथूनच दुसऱ्या मित्राला फोन केला, बिचारा झोपेतून उठून ट्रक घेऊन आला. पुढच्या गाडीच्या टपाला घराहून वीतभर उंच काठी बांधली होती. ती फांदीला लागली की सगळे थांबायचे. ४० किमीला ५ तास. तुमचंही सांगा.

—

काठी भारी! आमचा एक वीर टपावर चढून तारा उचलून धरणार होता. पाय धरून खाली ओढला. विजेशी मस्करी नको.

—

पुस्तकांची खोकी मागच्या पोटमाळ्यावर ठेवायचा शहाणपणा मी केलाय. ताशी ७० ला घर शेपटी हलवायला लागलं. मैत्रीण ओरडतेय, ब्रेक दाबू नको, नुसता ॲक्सिलरेटर सोड! सोडला, हळूहळू शांत झालं. हात मात्र तासभर थरथरत होते. खोकी पुढे आणली, मग नीट चाललं. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढे जोडावर हवा, हे ज्ञान नंतरचं.

—

कुठली पुस्तकं?

—

शब्दकोश. हसू नका.

—

चाकांचे नट!! निघाल्यावर ५०-१०० किमीत थांबून परत आवळा. आमचे दोन हाताने फिरत होते. बाळ उठलं, बाकी नंतर लिहिते.

—

रुंदी बघा आधी. बऱ्याच देशांत २.६ मीटरच्या आसपास मर्यादा असते, वर गेलं की खास परवाना. आम्ही भिंती तीनदा मोजल्या, पन्हळ मोजलीच नाही. रस्त्याकडेला उभं राहून पाच जणांनी ती उतरवली. अजून परत लागलेली नाही.

—

धागाकर्ते, तो झोपेतून उठलेला मीच. डिझेलचे पैसे?

—

अरे तू इथे पण! ये घरी, बोलू.

—

मांजर असलेल्यांनी काय केलं? आमची आतच राहिली, पोचल्यावर सिंकखालच्या कपाटात सापडली. दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

—

आमची अजून बोलत नाही. पण ती आधीपासूनच.